डिस्क ब्रेक थरथरतोय? पॅड बदलण्याआधी हे तपासा

देवनार, गोवंडी, चेंबूरच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये डिस्क ब्रेकच्या माउंटन बाइक आता सर्रास दिसतात. त्या चालवणाऱ्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते. ब्रेक दाबला की हँडल थरथरते, चाकातून गुरगुर येते, कधी सगळी सायकल हादरते. दुकानात नेली की पॅड बदलून मिळतात. चार दिवस बरे जातात आणि थरथर परत येते. मग कोणी डिस्क बदलायला सांगतो, कोणी ब्रेकचा अख्खा सेट. नेमके काय करावे, हे कळेनासे होते.

थरथर एकच वाटली, तरी तिच्यामागे सहा-सात वेगवेगळी कारणे असू शकतात. त्यातली बहुतेक कारणे तुम्हाला घरीच, दोन-तीन पाने आणि एक स्वच्छ फडके घेऊन शोधता येतील. मात्र क्रम पाळायला हवा, कारण सैल बोल्टवर नवे पॅड बसवले तर पैसे जातात आणि थरथर राहते. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी घट्ट, मग स्वच्छ, मग सरळ आणि शेवटी नवे.

सायकल चालवायची की ढकलत न्यायची?

पुढीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी सायकलवर बसू नका:

- ब्रेकचा लिव्हर दाबल्यावर हँडलच्या मुठीला टेकतो किंवा मऊ, पोकळ लागतो.
- लिव्हर, ब्रेकची नळी किंवा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) यांपैकी कुठेही तेल झिरपलेले आहे.
- डिस्कला तडा गेला आहे किंवा तिचा एखादा बोल्ट गळून पडला आहे.
- चाकाचा क्विक रिलीज किंवा एक्सल सैल आहे.
- पॅडचा थर संपला आहे आणि धातूवर धातू घासल्याची खरखर येते.

घाटकोपर–मानखुर्द जोडरस्त्यावर किंवा व्ही. एन. पुरव मार्गावर डंपर आणि बसच्या शेजारून जाताना ब्रेकवर पूर्ण भरवसा लागतो. असा ब्रेक घेऊन ‘घरापर्यंत तर जाऊ’ असे म्हणू नका.

थरथर नेमकी केव्हा येते?

पाना हातात घेण्याआधी मोकळ्या जागेत सायकल हळू चालवा. पुढचा ब्रेक वेगळा आणि मागचा वेगळा दाबून बघा. जे जाणवेल त्यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो:

- चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा पकड बसते आणि सुटते: डिस्क वाकलेली आहे किंवा तिची जाडी सगळीकडे सारखी नाही.
- सतत गुरगुर, सोबत कर्कश आवाज आणि पकड कमी: पॅडला किंवा डिस्कला तेलकटपणा लागला आहे.
- पुढचा ब्रेक दाबताच ‘टक्’ होते आणि चिमटा (फोर्क) मागेपुढे हलतो: हँडलखालचे बेरिंग, एक्सल किंवा शॉकअपमध्ये ढिलाई आहे.
- लांब उतारावर ब्रेक तापल्यावरच थरथर: पॅडचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा गुळगुळीत झाला आहे.
- नवे पॅड घातल्यापासून थरथर: पॅड रुळवलेले नाहीत किंवा त्या ब्रेकसाठीचे नाहीत.
- पावसात आवाज, दोन-तीनदा ब्रेक दाबला की बंद: डिस्कवर पाणी होते. काही करायची गरज नाही.

जवळ काय हवे?

- ॲलन की: ४, ५ आणि ६ मिलिमीटर.
- डिस्कच्या बोल्टसाठी टी-२५ मापाची टॉर्क्स की. तिचे टोक सहा पाकळ्यांचे असते.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल. इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानात आणि काही औषधांच्या दुकानांत मिळते.
- धुतलेले सुती फडके, बारीक पॉलिश पेपर, झिप टाय आणि हातमोजे.

दोन खबरदाऱ्या घ्या. चाक फिरत असताना डिस्कजवळ बोट नेऊ नका, तिच्या भोकांत बोट अडकून गंभीर इजा होते. उतारावरून आल्या आल्या डिस्कला हात लावू नका, ती चटका बसण्याइतकी तापलेली असते.

पायरी १: आधी घट्ट

पैसे न लागणारी ही पायरी बहुतेक जण गाळतात. खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि गतिरोधकांवरून रोज जाणाऱ्या सायकलचे बोल्ट हळूहळू सैल होतात.

1. चाक: क्विक रिलीज उघडा, चाक चिमट्यात नीट बसले आहे का ते बघा आणि पुन्हा आवळा. थ्रू एक्सल असेल तर तो पूर्ण घट्ट करा.
2. डिस्कचे बोल्ट: सहाही बोल्ट टी-२५ कीने तपासा. गोल क्रमाने आवळू नका. एक आवळला की समोरचा घ्या. शिमानोच्या डिस्कसाठी २ ते ४ न्यूटन-मीटर, स्रॅमच्या डिस्कसाठी ६.२ न्यूटन-मीटर इतका जोर सांगितलेला आहे. टॉर्क पाना नसेल तर छोटी की हाताने घट्ट लागेपर्यंत फिरवा. कीला पाइप लावून जोर काढू नका, बोल्टचे डोके जाते.
3. कॅलिपरचे बोल्ट: कॅलिपर चिमट्याला किंवा फ्रेमला धरणारे दोन बोल्ट तपासा. शिमानोमध्ये ते ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळतात. मध्ये जोडपट्टी असेल तर तिचेही बोल्ट बघा.
4. हँडलखालचे बेरिंग: पुढचा ब्रेक दाबून धरा. हँडल काटकोनात वळवा आणि सायकल मागेपुढे हलवा. दुसऱ्या हाताची बोटे फ्रेम आणि चिमटा यांच्या सांध्यावर ठेवा. तिथे ‘टकटक’ जाणवली तर हेडसेट सैल आहे.
5. हब आणि आरे: रिम वरून धरून डावी-उजवीकडे ढकला. खेळ लागला तर हबचे बेरिंग बघायला हवे. आऱ्यांच्या जोड्या चिमटीत दाबून बघा. काही ताठ आणि काही ढिले असतील तर चाकाचा आउट काढून घ्या.

साध्या शॉकअपमध्ये थोडा खेळ नवीन असतानाही असतो. तो वाढत चालला असेल तरच काळजी करा.

डिस्कवर बाण असेल तर त्याची दिशा चाक पुढे फिरते त्या दिशेला आहे ना, तेही बघून घ्या. पंक्चर काढताना सुटलेली डिस्क उलटी बसवली गेल्याने सुरू झालेली थरथर ती सुलटी बसवली की थांबते.

पायरी २: मग स्वच्छ

डिस्क ब्रेकला तेल चालत नाही. बोटाचा तेलकटपणासुद्धा त्याला बाधतो. आपल्याकडे तेल डिस्कपर्यंत पोहोचण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत:

- चेनवर स्प्रे मारताना मागच्या डिस्कवर उडालेले तुषार.
- गंज जावा म्हणून डिस्कवरच मारलेला स्प्रे.
- पार्किंगमध्ये गाड्या पुसणाऱ्याने पॉलिश लागलेल्या फडक्याने सायकलही पुसणे.
- सर्व्हिसिंगच्या वेळी चाके रॉकेलने किंवा डिझेलने धुणे.
- पहिल्या पावसात रस्त्यावर तरंगणारा तेलाचा तवंग. डंपर, टँकर आणि ट्रकची वर्दळ असलेल्या आपल्या भागात तो अधिक असतो.

साफसफाई अशी करा:

1. चाक काढा आणि पॅड बाहेर घ्या. त्यांना धरणारी पिन, क्लिप आणि मधली स्प्रिंग कशी बसली होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
2. फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन डिस्क दोन्ही बाजूंनी पुसा. फडक्याची जागा बदलत राहा आणि काळे निघायचे थांबेपर्यंत पुसत राहा.
3. पॉलिश पेपर सपाट काचेवर किंवा फरशीवर ठेवा. पॅडचा चेहरा त्यावर हलक्या हाताने गोल घासा. चकाकी जाऊन रंग सगळीकडे सारखा मंद दिसला की थांबा. पॅडची भुकटी नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.
4. पॅडही अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि फोटोप्रमाणे बसवा.

घासून-पुसूनही दोन दिवसांत थरथर आणि कर्कश आवाज परतला, तर तेल पॅडमध्ये मुरले आहे. तो पॅड फेकून द्या. तेल जाळण्यासाठी पॅड गॅसवर भाजायचा सल्ला अनेक जण देतात. तसे करू नका. धूर घातक असतो आणि पॅडचा थर मागच्या पट्टीपासून सुटू शकतो. असा थर भर रस्त्यात निखळला तर ब्रेकच उरत नाही.

नवे पॅड घालायचे असले तरी डिस्क आधी स्वच्छ करा. तेलकट डिस्कवर घातलेला नवा पॅड पहिल्याच फेरीत खराब होतो. ‘चार दिवस बरे, मग पुन्हा तेच’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

पायरी ३: मग सरळ

कॅलिपर डिस्कच्या बरोबर मध्ये बसला नाही, तर एक पॅड आधी टेकतो, डिस्क वाकते आणि थरथर सुरू होते.

हायड्रॉलिक ब्रेक असेल तर: कॅलिपरचे दोन बोल्ट अर्धा-एक आटा सैल करा. चाक फिरवा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि तसाच धरून दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. लिव्हर सोडून चाक फिरवा. घासत असेल तर पुन्हा करा.

केबलचा डिस्क ब्रेक असेल तर: कमी किमतीच्या बहुतेक माउंटन बाइकमध्ये हाच असतो. यात सहसा बाहेरचा एकच पॅड हलतो आणि आऱ्यांकडचा पॅड जागेवर स्थिर असतो. स्थिर पॅड डिस्कपासून लांब राहिला, तर दर वेळी हलणारा पॅड डिस्कला वाकवून त्याच्यापर्यंत नेतो. कॅलिपरच्या आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून स्थिर पॅड डिस्कच्या इतका जवळ आणा, की मध्ये पोस्टकार्डाएवढी फट राहील. केबलचा ताण त्यानंतर बघा. स्थिर पॅड तसाच ठेवून नुसती केबल ताणून घेतली, तर थरथर जात नाही.

डिस्क वाकली आहे का, हे बघायला: चिमट्याला एक झिप टाय बांधा आणि तिचे टोक डिस्कला जेमतेम टेकेल असे कापा. चाक सावकाश फिरवा. टोक एका जागी घासले आणि दुसरीकडे फट राहिली, तर डिस्क तिथे वाकलेली आहे. मार्करची खूण डिस्कच्या आतल्या दांडीवर करा, पॅड घासतो त्या पट्टीवर करू नका. किरकोळ वाक असेल तर स्क्रू पान्याच्या तोंडाला स्वच्छ फडके गुंडाळून, त्या जागी अगदी थोडा उलटा दाब द्या. दाब द्या, चाक फिरवा, बघा. घाई केली तर दुसरीकडे वाक पडतो. वाक डोळ्यांना सहज दिसण्याइतका मोठा असेल तर ती डिस्क बदला.

पायरी ४: शेवटी नवे

भाग केव्हा बदलायचे, हे मापाने ठरवा:

- पॅड: शिमानोच्या पॅडचा थर ०.५ मिलिमीटर उरला की बदला. स्रॅमच्या पॅडमध्ये थर आणि पट्टी मिळून ३ मिलिमीटरपेक्षा कमी झाले की बदला.
- डिस्क: शिमानोची नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाड असते आणि १.५ मिलिमीटरला बाद होते. किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेली असते. व्हर्निअरने मोजताना जबडे कडेच्या न झिजलेल्या भागावर टेकू देऊ नका, नाहीतर माप जास्त दाखवते.

खरेदीत होणाऱ्या तीन चुका टाळा:

- पॅडचा आकार: दिसायला सारखे पॅड वेगळे निघतात. जुना पॅड सोबत घेऊन जा आणि जुळवून घ्या.
- पॅडचा प्रकार: रेझिन पॅड शांत चालतात. धातूमिश्रित पॅड पावसात आणि चिखलात जास्त टिकतात, पण आवाज जास्त करतात. डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असेल तर धातूमिश्रित पॅड घालू नका, ती डिस्क लवकर खाल्ली जाते.
- तेलाचा प्रकार: शिमानो, टेक्ट्रो आणि मगुरा ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते. हेज, होप आणि स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड असते, मात्र स्रॅमचे काही नवे ब्रेक मिनरल ऑइलचे आहेत. लिव्हरच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेले वाचूनच तेल भरा. चुकीचे तेल भरले तर आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतो.

नवे पॅड रुळवा

पॅडचा बारीक थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसला पाहिजे. तो विषम बसला की नव्या सामानावरही थरथर येते.

1. सकाळी लवकर, म्युनिसिपल कॉलनीतला किंवा सोसायटीचा शांत, सपाट, कोरडा रस्ता निवडा.
2. मध्यम वेग घ्या, एकच ब्रेक सलग दाबा आणि चालण्याच्या वेगापर्यंत या. पूर्ण थांबू नका, चाक जाम होऊ देऊ नका. असे २० वेळा करा.
3. थोडा जास्त वेग घेऊन तेच आणखी १० वेळा करा.
4. दुसऱ्या ब्रेकसाठी हे सगळे पुन्हा करा आणि मग ब्रेक थंड होऊ द्या.

यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो. दुकानातून सायकल घेतानाच विचारा, ‘पॅड रुळवले आहेत का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर हे काम तुम्हाला करायचे आहे. हे न करता थेट येऊरचा उतार गाठू नका.

मेकॅनिककडे देताना

नाक्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याचा हात आउट काढण्यात, हबचे बेरिंग भरण्यात आणि केबल बसवण्यात तयार असतो. ही कामे त्याच्याकडे खुशाल द्या. हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढायला मात्र त्या ब्रेकचा किट आणि योग्य तेल लागते. ते असेल तिथेच सायकल द्या. देताना हे सांगा आणि विचारा:

- ‘पुढचा ब्रेक, दर फेरीला एक हादरा’ असे नेमके सांगा. नुसते ‘ब्रेक बघा’ म्हणू नका.
- चाके रॉकेलने धुऊ नका आणि डिस्कजवळ स्प्रे मारू नका, असे आधीच बजावा.
- चाक काढून लिव्हर दाबू नका, असेही सांगा. पिस्टन बाहेर येतात आणि पॅड चिकटून बसतात. दाबायचाच असेल तर मध्ये प्लास्टिकची चकती घालावी.
- कोणते तेल भरणार, ते विचारा.
- अंदाजे खर्च लिहून घ्या आणि काढलेले जुने पॅड किंवा डिस्क परत मागा.
- पैसे देण्याआधी स्वतः फेरी मारून बघा.

हायड्रॉलिक ब्रेकची सायकल उलटी करून बराच वेळ ठेवली असेल आणि नंतर लिव्हर मऊ लागत असेल, तर घाबरू नका. सायकल सरळ उभी करून लिव्हर काही वेळा दाबा. तरीही मऊच राहिला तर हवा काढावी लागेल.

सायकल नवी असेल तर तुमचे हक्क

पॅड आणि डिस्क झिजणारे भाग आहेत, त्यामुळे त्यांची झीज बहुधा वॉरंटीत येत नाही. मात्र पहिल्या दिवसापासून थरथर असेल, कॅलिपर बसवायची जागाच वाकडी असेल किंवा जोडणी सैल केलेली असेल, तर त्याला झीज म्हणता येणार नाही. तो मालातला दोष किंवा सेवेतली त्रुटी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे:

- पावती न देणे ही या कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. फ्रेम क्रमांक असलेली पावती मागून घ्या.
- पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी दाखवून हा हक्क काढून घेता येत नाही.
- दुरुस्तीही ‘सेवा’ आहे. पैसे घेऊन केलेल्या सदोष कामाची तक्रार करता येते.

तक्रारीचा क्रम असा ठेवा:

1. थरथरीचा व्हिडिओ, पावती, वॉरंटी कार्ड आणि सर्व्हिसच्या नोंदी एकत्र करा.
2. दुकानाला आणि कंपनीला लेखी कळवा. ई-मेल चालतो. काय हवे ते स्पष्ट लिहा: दुरुस्ती, बदली की परतावा. उत्तरासाठी मुदत द्या.
3. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. तिथे मराठीत बोलता येते. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायतही अशा प्रकरणांत मार्गदर्शन करते.
4. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. देवनार मुंबई उपनगर जिल्ह्यात येते आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, दुकान कुठेही असो. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि वकील बंधनकारक नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करा.

तक्रार करायची ठरली तर सायकल स्वतः उघडू नका आणि बाहेर दुरुस्तीलाही देऊ नका. ‘तुम्हीच बिघडवली’ असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते.

थरथर परत येऊ नये म्हणून

- दर आठवड्याला: डिस्क आणि कॅलिपरचे बोल्ट हाताने, एक्सल नजरेने तपासा.
- चेनला तेल घालताना: स्प्रे टाळा, थेंबाथेंबाने घाला आणि डिस्क फडक्याने झाका.
- पावसाळ्यात: रस्त्यावरून आल्यावर डिस्कवर साधे पाणी ओता आणि स्वच्छ फडक्याने पुसा. त्या फडक्याने दुसरे काही पुसू नका.
- पार्किंगमध्ये: गाडी पुसणाऱ्याला चाकांना हात न लावण्याची सूचना द्या. डिस्कला धक्का लागणार नाही अशी, भिंतीकडे डिस्कची बाजू करून सायकल लावा.
- उतारावर: ब्रेक सतत घासत ठेवू नका. दाबा, वेग कमी करा, सोडा. मधल्या वेळात डिस्क थंड होते.

आज संध्याकाळी फक्त पहिली पायरी करा: चाक, डिस्क, कॅलिपर, हेडसेट, हब. तेवढ्याने थरथर गेली तर पुढचा खर्च वाचला. गेली नाही तर स्वच्छतेकडे, मग सरळपणाकडे वळा. मेकॅनिककडे जायची वेळ आलीच, तर काय काय तपासून झाले आहे हे तुम्हाला सांगता येईल आणि नको असलेला भाग तुमच्या गळ्यात पडणार नाही.